प्रॉव्हिडन्स की वूस्टर: बॉस्टनपासून जरा दूर घर घेताना

बॉस्टनची भाडी परवडत नाहीत, पण नोकरीसाठी त्या परिसरातच राहायचे आहे, अशा मराठी कुटुंबांपुढे बहुधा हीच दोन शहरे येतात. प्रॉव्हिडन्स ऱ्होड आयलंड राज्यात आहे, तर वूस्टर बॉस्टनप्रमाणेच मॅसॅच्युसेट्समध्ये. मी प्रॉव्हिडन्सला तीन वर्षे राहिलो आणि आता वूस्टरला स्थिरावलो आहे.

2020 च्या जनगणनेत वूस्टरची लोकसंख्या 2,06,518 आणि प्रॉव्हिडन्सची 1,90,934 भरली. या आकड्यांपेक्षा त्यांची चाल मला अधिक बोलकी वाटते. प्रॉव्हिडन्सची लोकसंख्या 1940 मध्ये अडीच लाखांहून अधिक होती आणि तो टप्पा शहराने पुन्हा गाठलेला नाही, तर वूस्टरने 1950 चा स्वतःचा उच्चांक 2020 मध्ये मागे टाकला. 1828 मध्ये ब्लॅकस्टोन कालव्याने जोडलेल्या या दोन गावांचे पूर्वीचे वैभव कारखान्यांचे होते. प्रॉव्हिडन्समध्ये दागिने आणि चांदीची भांडी, वूस्टरमध्ये तार आणि धातू घासण्याची चाके. आज दोन्हींचा भार विद्यापीठे आणि रुग्णालये वाहतात. त्यामुळे सरासरी उत्पन्नाचे आकडे पाहताना विद्यार्थ्यांची मोठी संख्या लक्षात घ्यावी, नाहीतर शहर आहे त्याहून गरीब भासते.

वस्ती दोन्हीकडे मिश्र आहे. प्रॉव्हिडन्समध्ये दहांपैकी चारांहून अधिक रहिवासी लॅटिनो असून त्यांत डोमिनिकन समाज ठळक आहे. वूस्टरमध्ये प्वेर्तो रिको, घाना, व्हिएतनाम आणि ब्राझील येथून आलेली कुटुंबे शेजारी भेटतात. सौंदर्यात मात्र प्रॉव्हिडन्स निःसंशय सरस आहे. बेनिफिट स्ट्रीटवरील जुन्या लाकडी घरांमधून संध्याकाळी चालत जाण्याचे सुख वूस्टरच्या चढउतारांवर मला अजून मिळालेले नाही.

तरीही मी प्रॉव्हिडन्स सोडले, आणि त्याचे कारण राज्याची सीमा हे होते. ऱ्होड आयलंड लहान आहे. माझ्या क्षेत्रातील नोकऱ्या प्रामुख्याने मॅसॅच्युसेट्समध्ये होत्या. त्यामुळे दरवर्षी ऱ्होड आयलंडला रहिवासी म्हणून एक आणि मॅसॅच्युसेट्सला अनिवासी म्हणून दुसरे प्राप्तिकर विवरणपत्र भरावे लागे. एका राज्यात भरलेल्या कराचे क्रेडिट दुसरीकडे मिळते, त्यामुळे तोच कर दोनदा बसत नाही. परंतु घरून काम केलेल्या दिवसांचे उत्पन्न मॅसॅच्युसेट्सच्या हिशेबातून वगळायचे, तर वर्षभर दिवसांची नोंद ठेवावी लागते. एका वर्षी माझी नोंद आणि कंपनीच्या पगारपत्रकातील विभागणी जुळेना. परतावा अडकला आणि पत्रव्यवहार ऑगस्टपर्यंत चालला. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे असतील, तर हा व्याप दुप्पट होतो.

तुमची नोकरी किंवा शिक्षण ऱ्होड आयलंडमध्येच असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू पडणार नाही आणि प्रॉव्हिडन्स आनंदाने निवडावे. पण पगार मॅसॅच्युसेट्समधून येणार असेल, तर हिवाळ्यातील बर्फ आणि टेकड्यांवरचे निसरडे रस्ते गृहीत धरूनही, मी वूस्टरमधील घरे आधी पाहण्यास सुचवेन.