खांदेरीचं दीपगृह आणि आमचे साडेपंचेचाळीस हजार

आमचं गाव धामणगावकडचं. इथून समुद्र म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढल्यावर दिसणारी गोष्ट. पीक कधी पेरायचं, कापूस कधी वेचायचा, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारा. समुद्राला पण हंगाम असतो, हे मात्र मला, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला, सात जणांचे पैसे गेल्यावर कळलं.

बाबांना खांदेरी पाहायची होती. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये मुंबईच्या तोंडाशी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला, तरी मायनाक भंडारीच्या माणसांनी काम थांबवलं नाही, हे त्यांनी आम्हा भावंडांना कितीदा सांगितलं असेल. त्याच बेटावर 1867 चं दीपगृह आहे. तालुक्याच्या गावी यात्रा-सहली नेणारा एकजण बायकोच्या मावशीकडून लांबचा नातेवाईक लागतो. त्याने मोबाईलवर पोस्टर पाठवलं: ‘खांदेरी बेट, दीपगृहाच्या माथ्यावर चढून समुद्रदर्शन’. माणशी 6,500. तारीख 2025 च्या जूनचा दुसरा आठवडा.

तारीख त्याने बरोबर हेरली होती. आपल्या विदर्भाच्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात, त्या वर्षी 23 जूनला. “तिकडची गर्दी सरलेली राहते गुरुजी, म्हणून रेट कमी. तुम्ही टेन्शन नका घेऊ, सगळं मायाकडे सोडा.” 15,000 मोबाईलवरून दिले, तेही तिसऱ्याच कोणाच्या नावाच्या खात्यावर. बाकी 30,500 रोख. पावती मागायला लाज वाटली. नातं ना.

परवाने मात्र आले. प्रत्येकाच्या नावाचा ‘बोट व दीपगृह प्रवेश पास’, वर तीन सिंहांची मुद्रा, खाली गोल शिक्का आणि एक क्यूआर कोड. माणशी 1,200 त्यातच धरलेले. तो कोड मी स्कॅन केला नाही. परत आल्यावर मुलीने केला, तर त्याचंच पैसे घ्यायचं खातं उघडलं.

रेल्वेचं तिकीट खरं निघालं, अलिबागला खोलीही मिळाली. म्हणून तर शंका आली नाही. एक खूण मात्र डोळ्यासमोर होती. गेटवेहून मांडव्याची लाँच पावसाळ्यामुळे बंद आहे, म्हणून पनवेल-पेण करत एसटीने जा, असं त्यानेच सांगितलं होतं. मोठी लाँच बंद असेल तर अलिबागजवळच्या थळहून खांदेरीची लहान होडी कशी सुटेल? एवढं साधं गणित, पण नाही सुचलं.

थळच्या किनाऱ्यावर होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या, वर निळं प्लास्टिक. 1 जूनपासून मासेमारी बंद होती. एक म्हातारे कोळी दादा जाळं शिवत बसले होते. पास उलटसुलट पाहून त्यांनी बाबांच्या हातात परत दिला. म्हणाले, नारळी पौर्णिमेनंतर या, आता देव म्हणाला तरी कोणी होडी घालणार नाही. बायको म्हणाली, “मी म्हणतच होती.” ती काहीच म्हणत नव्हती, पण तेव्हा कोण वाद घालतो.

एजंटाला फोन लावला. “वातावरण खराब हाय गुरुजी, निसर्गापुढं कोणाचं चालते?” ऑगस्टमध्ये कोणी कोकणी माणसाला ताडोबाच्या कोअरची सफारी विकली, तर आपण हसू, जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतो हे इथल्या पोरालाही ठाऊक. आमचं तेच झालं होतं, फक्त उलट्या बाजूने.

रात्री पाऊस जरा थांबला तेव्हा किनाऱ्यावरून दीपगृहाचा उजेड दिसला. बाबा छत्री धरून बराच वेळ उभे होते. बोलले काहीच नाहीत.

परत आल्यावर मावशीच्या भिडेखातर 4,000 मिळाले, उरलेले ‘पुढच्या ट्रिपमध्ये ॲडजस्ट’. पोलिसांनी पावती विचारली. पुढे एका वकिलाने सांगितलं की ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, अलिबागला जावं लागत नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 वर फोन करूनही सल्ला मिळतो. तक्रार दिली आहे. पण माझ्याकडे पुरावा 15,000 चाच, रोखीच्या पैशाला साक्षीदार कोण? म्हणून सांगतो, नातेवाईक असला तरी पावती घ्या, आणि बेटावर जायचं तर पैसे देण्याआधी तिथल्या होडीवाल्याला एक फोन करा.

आम्ही आल्यावर महिन्याभरात, जुलै 2025 मध्ये, खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. परवा त्याच्या स्टेटसवर नवं पोस्टर पाहिलं: ‘जागतिक वारसा स्पेशल’. तारीख पुन्हा जूनचीच. खाली ‘आमचे समाधानी प्रवासी’ म्हणून एक फोटो. थळचा किनारा, मागे निळं प्लास्टिक, आणि मध्ये छत्री धरून उभे बाबा.