पान आठ गायब होतं आणि माझे 8 लाख 41 हजार गेले

परवा महापेहून एका कारखानदाराचा फोन आला. "तुम्ही त्या डब्याचं लायसन्स घेतलंय ना? त्या साहेबांनीच तुमचं नाव सांगितलं." म्हणजे माझं नाव पुढे करून तो माणूस अजून गिऱ्हाइकं गाठतोय. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

रबाळे एमआयडीसीत माझं इंजेक्शन मोल्डिंगचं (वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून वस्तू बनवायचं) छोटं युनिट आहे. तीन मशीन, अकरा माणसं. बावीस वर्षं जॉबवर्क केलं. प्लास्टिकचा दाणा पार्टीचा, मोल्ड पार्टीचा, आपल्याला नगामागे सुटतील तेवढे पैसे. कधीतरी आपल्या गाळ्यातून तयार माल बाजारात जावा असं कुणाला वाटणार नाही? आमच्या दाणेवाल्याच्या ओळखीने ठाणे शहरात नौपाड्यातले हे गृहस्थ आले. घट्ट झाकणाचा एक नावाजलेला डबा, त्याचं उत्पादनाचं लायसन्स त्यांच्याकडे. "मला आता झेपत नाही, सब-लायसन्स, म्हणजे माझ्या लायसन्सवर बनवायचा हक्क, तुम्ही घ्या, मोल्डही देतो." ओळखीतून आलेला माणूस, बोलणं अदबीचं, स्वतःचं ऑफिस. मी हुरळलो नव्हतो, चार ठिकाणी चौकशी केली होती. पण ती त्या माणसाची केली, कागदाची नाही.

12 जून 2024 ला 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, नोटरी झाली. (नोटरी म्हणजे समोर सही झाली एवढंच. आतला मजकूर खरा की खोटा हे तो बघत नाही.) डिपॉझिट 4,50,000, त्यातले 3,00,000 आरटीजीएस आणि 1,50,000 रोख. मोल्डचे 2,80,000. रॉयल्टी महिना 18,500, जुलै ते डिसेंबर 1,11,000. एकूण 8,41,000. रोखीची पावती नाही. रोख मागितली की तिथेच उठा.

आता तो क्षण. सह्यांच्या आदल्या दिवशी त्यांनी मूळ कंपनीबरोबरच्या कराराची झेरॉक्स दिली. पहिल्या पानावर तारीख 1 एप्रिल 2019. आमच्या हिशेबाच्या वह्या माझी बायको बघते. तिने पानं उलटली आणि विचारलं, "मुदत कुठे लिहिलीय?" खाली पानांचे आकडे होते. सातनंतर थेट नऊ. सातव्या पानावर कलम 13 संपतं, नवव्यावर 16 सुरू होतं. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, "झेरॉक्सवाल्याकडून राहिलं असेल. आणि हा करार ऑटो रिन्यू होतो, त्यात काय बघायचं?" मी त्यांच्यादेखत बायकोला म्हणालो, "तू हिशेबाचं बघ." ते वाक्य आजही रात्री आठवतं आणि झोप उडते.

जानेवारी 2025 मध्ये मूळ कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, सोबत आठवं पान जोडलेलं. कलम 14: मुदत पाच वर्षं, नूतनीकरण फक्त दोघांच्या लेखी संमतीने. कलम 15: सब-लायसन्स द्यायचा अधिकार नाही आणि मुदत संपली की तीस दिवसांत मोल्ड परत. मुदत संपली 31 मार्च 2024 ला. म्हणजे माझ्याशी सह्या करताना त्यांच्या हाती काहीच नव्हतं. जे मोल्ड मला विकले तेही कंपनीचेच होते.

वर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 103 ची धमकी मला. खोटा मार्क लावल्याबद्दल सहा महिने ते तीन वर्षं कैद! साठा विकायला निदान दोन महिने द्या म्हणून कंपनीला विनवलं. लायसन्स संपल्यावर अशी सवलत पुष्कळ करारांत असते. उत्तर आलं, आमचा तुमच्याशी करारच नाही. प्रत्येक डब्याच्या बुडाला त्यांचं नाव उठावात. खरवडून बघितलं, डबा पांढरा पडतो. 3,240 डबे, उत्पादनखर्च नगाला 62 रुपये, म्हणजे 2,00,880 रुपयांचा माल माझ्या माणसांनी ग्राइंडरमध्ये घातला. मोल्ड टेम्पोत चढवून परत दिले.

पोलिसांचं काय सांगू? ठाणे शहरात पोलिसांकडे गेलो तर म्हणाले कारखाना रबाळ्याला, नवी मुंबईत जा. नवी मुंबईत म्हणाले सह्या नौपाड्यात झाल्या, ठाणे शहरात जा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र (पोलिसांना थेट तपास करता येतो अशा) गुन्ह्याची माहिती घेतलीच पाहिजे, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे. ते दाखवलं तर साहेब म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका." चौथ्या खेपेला नवीन अडचण. करार जूनचा, जुन्या दंड संहितेच्या जागी न्याय संहिता लागू झाली 1 जुलै 2024 ला, मग फसवणुकीचं जुनं कलम 420 लावायचं की नवं 318? आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: हा सिव्हिल मॅटर आहे. मुदत संपलेला कागद पान काढून दाखवायचा आणि साडेआठ लाख घ्यायचे, हा सिव्हिल मॅटर? अर्जाची पोचसुद्धा पाचव्या खेपेला मिळाली. पोच घेतल्याशिवाय पोलीस ठाण्याबाहेर पडू नका.

वकिलाने 35,000 घेतले. कमर्शियल कोर्टात दावा लावण्याआधी मध्यस्थीला जावं लागतं. गेलो. दोन तारखांना समोरचा आलाच नाही, तसा अहवाल झाला, संपलं.

ट्रेडमार्कचा मालक कोण आणि नोंदणी कधीपर्यंत, हे सरकारी साइटवर फुकट दिसतं. लायसन्स मात्र तिथे नोंदवलंच पाहिजे अशी सक्ती नाही, म्हणून मालकालाच ईमेल करून लेखी विचारा. मी तेव्हा केला असता तर एका दिवसात कळलं असतं. डब्याचं डिझाइन जुनं झालं, आता कुणीही बनवतं, असं ऐकवतील. डिझाइनची नोंदणी दहा वर्षं, वर पाच वाढतात. आणि नोंदणी संपली तरी डब्यावरचं नाव संपत नाही, दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं की चालूच राहतं.

महापेच्या त्या कारखानदाराला मी आठव्या पानाचा फोटो पाठवला. त्याने अजून पैसे दिलेले नव्हते. उपायुक्तांना अर्ज पोस्टाने गेलाय, उत्तर नाही. आता दंडाधिकाऱ्यांकडे अर्जाची तयारी चालली आहे. बायकोने सगळी कागदपत्रं फाईलला लावली आहेत, आणि प्रत्येक पानावर पेनाने आकडा घातलाय.