परवाना द्यावा की कंपनी काढावी? एका बाइंडरचा अनुभव

पेटंटचा अर्ज गेला, आता पुढे काय, असं विद्यापीठातले तरुण सहकारी विचारतात. ओतकामात पोकळ भागासाठी साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, तो कोअर; त्याची वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे बाइंडर. मळीपासून असा बाइंडर करणाऱ्या आमच्या गटाने दोन्ही वाटा पाहिल्या. आधी तीन वर्षं स्वतःची कंपनी, मग एका रसायन कारखानदाराला आमचं तंत्र वापरायचा परवाना.

कंपनी काढायला आता अडचण फारशी नाही. 2019 च्या राष्ट्रीय धोरणाने प्राध्यापकांना स्टार्टअपची मुभा दिली आहे. कंपनीचं खरं सुख मला कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, एका फौंड्रीत म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात मिळालं. जुलैमध्ये कोअर ओल धरायला लागले, कास्टिंगला पोकळ्या पडू लागल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी फौंड्रीत उभं राहून आम्ही प्रमाण बदललं. प्रयोगशाळेत बसून हे कळलंच नसतं.

पण उधारी! माल गेला, कोअर चांगले निघाले, कास्टिंग रवानाही झालं, आणि पैसे मात्र "पुढनं आले की देतो." लहान उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात 45 दिवसांची मर्यादा आहे, त्यापुढे व्याजही आहे. पण आमची गिऱ्हाइकं मोजून चार. एकावर तक्रार केली असती तर बाकीच्या तिघांनी दारात उभं केलं नसतं, असं मला तरी वाटलं. एका दुपारी आमचा पीएच.डी.चा विद्यार्थी चाचण्यांची वही मिटून थकबाकीचे फोन लावताना दिसला. त्या दिवशी माझं मन कंपनीवरून उडालं.

परवान्यात पैसे कमी येतात, हे मान्य. दर तीन महिन्यांनी विक्रीचा हिशेब आणि रॉयल्टी येते, गिऱ्हाइकांकडची वसुली कारखानदाराची. धोका एकच, घेणाऱ्याने तंत्र कपाटात ठेवून दिलं तर पेटंटची 20 वर्षं अर्जाच्या तारखेपासून सरतच राहतात. म्हणून किमान वार्षिक रॉयल्टी हवी, आणि ठरल्या मुदतीत उत्पादन सुरू झालं नाही तर घेणाऱ्याचा एकाधिकार, म्हणजे तंत्र त्याने एकट्यानेच वापरण्याचा हक्क, संपेल, हे कलमही. आम्ही आणखी एक मागून घेतलं: फौंड्रीत जाऊन चाचण्या घेण्याचा हक्क.

तुमचं उपकरण महागडं असेल आणि गिऱ्हाईक आगाऊ रक्कम देत असेल, तर कदाचित कंपनीच बरी. रोज लागणाऱ्या, किलोवर विकल्या जाणाऱ्या मालासाठी मात्र मी पुन्हा परवान्याकडेच जाईन.

तो विद्यार्थी गेला पावसाळाभर शिरोलीत कोअरची ओल मोजत होता. त्याच्या वहीवरूनच कारखान्याने यंदाचं प्रमाण ठरवलं.