वेगळी खोली की लस देऊन एकत्र?

आमची मनी एफईएलव्ही (मांजरांमधला ल्युकेमियाचा व्हायरस) पॉझिटिव्ह, बोका निगेटिव्ह, म्हणून दोन्ही करून पाहिलं. लस देऊन एकत्र ठेवणं सोपं, पण लस शंभर टक्के वाचवत नाही अन् हा व्हायरस मुख्यतः लाळेतून जातो, ही दोघं तर दिवसभर एकमेकांना चाटत बसायची, पाण्याची वाटीही एकच. वेगळ्या खोलीत ती जाळीच्या दाराशी बसून बारीक आवाजात रडायची, जीव तुटायचा नं, शिवाय नागपूरचा मे, ४५ डिग्री, म्हणजे तिच्यासाठी दुसरा कूलर आलाच. तरी मी वेगळी खोलीच म्हणेन, बोक्याला लस देऊनच. व्हायरस शरीराबाहेर फार टिकत नाही, तिच्याकडून आल्यावर साबणाने हात धुतले की झालं. कच्चं चिकन मात्र तिला बिलकुल नाही, या व्हायरसमुळे तिची प्रतिकारशक्ती कमी पडते.