लिज्जत आणि शक्ती: मालकी कोणाची?
अल्प उत्पन्न गटाला सामावून घेणारा उद्योग कोणता, हे ठरवताना मालकी आणि जोखीम कोणाकडे आहे, हे आधी पाहावे. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्ये सभासद बहिणी केंद्रावरून मळलेले पीठ घरी नेतात, लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी जमा करून मजुरी घेतात आणि नफ्यातही वाटेकरी असतात. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या शक्ती योजनेत गावातील महिला साबण, शाम्पूच्या पुड्या स्वतः खरेदी करून विकते. तिला कमाई होते, परंतु भांडवलही तिचेच अडकते. शक्ती अनेक राज्यांत पोहोचली, हे मान्य. तरीही सरकारी प्रोत्साहनात सभासदांना मालकी देणाऱ्या संस्थांना अग्रक्रम मिळावा, असे मला ठामपणे वाटते.