कार्डिफचा भास मोजायचा फॉर्म आजीकडून भरून घेतला, ५ पैकी ४ स्टार

आजोबा गेल्यापासून आजीला माजघरात मधेच तपकिरीचा वास येतो. घरात तपकीर आता कुणीच ओढत नाही. ती हे कुणाला बोलत नव्हती, कारण बोललं की एकतर बाहेरचं काहीतरी असेल बघून घ्या, नाहीतर डोक्याच्या डॉक्टरकडे न्या. म्हणून रविवारी दोघी बसलो आणि कार्डिफ अ‍ॅनॉमलस परसेप्शन्स स्केल भरली. वॉन बेल, हॅलिगन आणि एलिस या संशोधकांनी २००६ मध्ये आणलेली, ३२ प्रश्न.

याआधी अलौकिक गोष्टींवर किती विश्वास आहे ते मोजणारा टोबॅसिकचा २६ प्रश्नांचा फॉर्म बघितला होता, त्यात काळी मांजर, १३ आकडा, स्कॉटलंडच्या तळ्यातला प्राणी, देव मानता का, सगळं एकाच पेपरात. तिथे तुम्ही काय मानता ते विचारतात, तुम्हाला काय जाणवलं ते नाही. आजी भूतबित मानतच नाही हो, तिला वास येतो एवढंच!

इथे ती भानगड नाही. आसपास नसलेल्या गोष्टीचा वास येतो का, हो की नाही. हो म्हटलं की १ ते ५ अशा तीन पट्ट्या, त्रास किती, लक्ष किती वेधून घेतं, किती वेळा होतं. मला हे फार म्हणजे फार आवडलं. आजीने त्रासाला १ दिला, म्हणाली अगं त्रास कसला, बरं वाटतं. मग तिला सांगितलं की त्यांच्या अभ्यासात ३३६ साध्या लोकांतल्या साधारण ११ टक्क्यांचा स्कोअर सायकोसिसच्या (खरं काय आणि भास काय हे कळेनासं होणारा मानसिक आजार) पेशंटांच्या सरासरीच्या वर गेला होता, तेव्हा तिचा चेहरा एकदम सैल झाला.

एक स्टार कापला कारण मला फॉर्म इंग्रजीतच मिळाला, एक प्रश्न असा की कुणी दिसत नसताना कुणीतरी आहे असं वाटतं का, मी दोन वाक्यं समजावत बसले आणि आजी म्हणाली, म्हणजे चाहूल. आणि घरातलं माणूस गेलंय हे लिहायला कुठे जागाच नाही, ते मी मार्जिनमध्ये लिहिलं.

भरायचा असेल तर मोठ्याने वाचून दाखवा, घाई नको. नुसती बेरीज बघून घाबरू नका, पण त्रासाच्या पट्टीवर सारखे ४-५ येत असतील तर डॉक्टरांना नक्की दाखवा.