दोन छापांचं नाणं आणि माझे १८० युरो

ज्या माणसाने मला फसवलं, त्याने सांगितलेला इतिहास खरा होता. त्या खऱ्या इतिहासामुळेच मी फसलो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. परदेशातली जुनी नाणी घेणारे आपल्यात बरेच जण आहेत, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं.

मी फ्रान्सच्या ब्रिटनी भागात, रेन शहरात राहतो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात इथे टांकसाळ होती आणि नाण्यांवरची तिची खूण होती ९ हा आकडा. पॅरिसची खूण ए, लियोंची डी. रेनचं ९ असलेलं चांदीचं एक नाणं आपल्याकडे असावं, ही इच्छा बरीच वर्षं मनात होती. गेल्या शरदात जवळच्या गावातल्या जुन्या वस्तूंच्या रविवारच्या बाजारात एका विक्रेत्याकडे ते दिसलं. १६९० सालचा एक्यू, म्हणजे तेव्हाचं मोठं चांदीचं नाणं. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला पाठीला पाठ लावलेल्या आठ एल अक्षरांचा क्रूस आणि मधोमध ९.

नाणं जरा विचित्र होतं. राजाच्या नाकासमोर दुसऱ्याच अक्षरांच्या पुसट खुणा, मागच्या बाजूला एल अक्षरांखालून गेलेली एक वक्र रेघ. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, “या खुणा पाहिल्यात ना? हेच तर या नाण्याचं वैशिष्ट्य!” आणि त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली.

ती गोष्ट अशी. १६८८ मध्ये फ्रान्सचं युद्ध सुरू झालं. पुढे इंग्लंड, हॉलंड, स्पेन आणि जर्मन सम्राट असे सगळे एका बाजूला आणि लुई दुसऱ्या बाजूला अशी स्थिती झाली. फौजेला पगार रोख चांदीत द्यावा लागे आणि तिजोरीत खडखडाट. १६८९ च्या डिसेंबरात राजाने व्हर्सायच्या महालातली चांदीची टेबलं, मेणबत्त्यांची झाडं, कुंड्या, सगळं टांकसाळीत वितळवायला धाडलं. कित्येक वर्षं कारागिरांनी घडवलेलं ते काम काही महिन्यांत गेलं. मला आजही त्याची हळहळ वाटते.

तेवढ्यानेही भागेना. त्या एक्यूवर किंमत छापलेली नसे. तो किती सोलचा (सोल म्हणजे तेव्हाचं छोटं चलन), हे राजाचा हुकूम ठरवी. मग अर्थमंत्री पाँशार्त्रँच्या काळात युक्ती निघाली: लोकांनी जुने एक्यू टांकसाळीत आणायचे, टांकसाळ ते ६२ सोलना घेणार, न वितळवता त्याच चकतीवर नवा छाप ठोकणार आणि ६६ सोलना परत चलनात सोडणार. चांदी तेवढीच, वजन तेवढंच. मधले चार सोल युद्धखात्यात. याला फ्रेंचमध्ये ‘रेफॉर्मासियों’ म्हणतात. घाईत मारलेल्या नव्या ठशाखाली जुना छाप पूर्ण मिटत नसे, म्हणून खऱ्या नाण्यांवरही अशा भुतासारख्या खुणा सापडतात. हा खेळ १६९३, १७०१ आणि १७०४ मध्ये पुन्हा झाला. आपल्याकडे सराफ बट्टा कापायचे, इथे खुद्द राजानेच कापला.

हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. त्यामुळे तो बोलत गेला तसा माझा विश्वास वाढत गेला. कड गुळगुळीत का? “युद्धाच्या काळात लोक कडेची चांदी कातरून घेत.” वजन कमी का वाटतं? “तेच कारण.” तपशील पुसट का? “दोनदा ठोकलंय ना!” नाण्यातल्या प्रत्येक दोषाला त्याच्याकडे १६९० चं उत्तर तयार होतं. मी १८० युरो रोख मोजले. पावती मागितली, तर त्याने एका चिठ्ठीवर नाण्याचं वर्णन लिहून दिलं. त्यावर ना पूर्ण नाव, ना पत्ता.

नांत शहरात आमचे ओळखीचे एक काका आहेत, मूळचे साताऱ्याचे. गेली तीस वर्षं फ्रेंच नाणी जमवतात. दिवाळीला त्यांच्याकडे गेलो तेव्हा मोठ्या आनंदाने नाणं त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते भिंगाखाली बराच वेळ धरलं. मग काही न बोलता मोबाइलमधला एक फोटो उघडून माझ्यासमोर ठेवला. आमच्याच एका मित्राने दोन महिन्यांपूर्वी इंटरनेटवरून घेतलेला १६९० चा एक्यू, खूण ९. “हा बघ. नाकासमोरची अक्षरं बघ. आता ती वक्र रेघ बघ.”

सगळं जसंच्या तसं, त्याच जागी.

“अरे, टांकसाळीत कामगार जुनं नाणं ठशाखाली सरकवतो, ते दर वेळी वेगळ्या कोनात पडतं,” काका म्हणाले. “खालची अक्षरं दोन नाण्यांत एकाच जागी कशी येतील? कुणीतरी एका खऱ्या नाण्याचा साचा घेतलाय आणि त्यातून ओतलीत.”

त्यांच्याकडच्या दागिन्यांच्या काट्यावर नाणं २३.४ ग्रॅम भरलं. हा एक्यू साधारण २७.४ ग्रॅमचा असायला हवा. झिजून चार ग्रॅम जाणार असतील तर राजाचा चेहराही शिल्लक राहणार नाही. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता पाण्यात सोडलं. काटा २.७२ वर आला, म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. २३.४ भागिले २.७२ म्हणजे ८.६, ही नाण्याची पाण्याच्या तुलनेतली घनता. या एक्यूत चांदी ९१.७ टक्के, म्हणजे आकडा १०.३ च्या आसपास यायला हवा. ८.६ म्हणजे पितळेसारखं काहीतरी, वरून चांदीचा मुलामा. भिंगातून कडेवर साच्याची जोडरेघ दिसली, कानशीने घासलेली. बाजारात मी चुंबक लावून पाहिलं होतं आणि चिकटलं नाही म्हणून खूश झालो होतो. पितळही चिकटत नाही.

त्या बाजारात नंतर तीन रविवार गेलो. तो माणूस दिसला नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, पण रोख व्यवहार आणि ती चिठ्ठी एवढ्यावर काय होणार ते दिसतंच आहे.

काका म्हणाले, त्या काळीही हेच चालायचं. खासगी लोक चोरून ठसे बनवत, जुन्या एक्यूंवर घरीच नवा छाप मारत आणि राजाचा नफा स्वतःच्या खिशात घालत. मात्र त्यांच्या नाण्यांत चांदी तरी खरी असे! चौदाव्या लुईच्या काळातला हा छापाचा खेळ १७०९ मध्ये थांबला. त्या वर्षी जुनी नाणी वितळवून ३०.६ ग्रॅमचा नवा, जड एक्यू पाडायला घेतला. काकांकडे तो आहे, मागे तीन मुकुट असलेला. घेताना त्यांनी लिलावघराकडून बिल, कडेचा फोटो आणि लेखी वजन घेतलं होतं, आणि पटलं नाही तर परत घेण्याची हमीही. मला यातलं काहीच सुचलं नव्हतं.

साचा अजून कुणाकडे तरी आहे, म्हणून या नाण्याच्या खुणा देतो. साल १६९०, मधोमध ९. राजाच्या नाकासमोर उलटी पडलेली दोन पुसट अक्षरं. मागच्या बाजूला मुकुटाच्या उजवीकडून निघून खालच्या लिलीच्या फुलापर्यंत गेलेली वक्र रेघ, आणि त्या फुलाच्या डाव्या पाकळीवर एक बारीक खड्डा. हे तिन्ही एकत्र दिसले तर पैसे काढू नका आणि विक्रेत्याच्या जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. माझ्या तक्रारीला तो जोडता येईल.